उष्टं होऊ नये म्हणून

मी बोलतेय, लोखंडी कपाटातून. आवाज जरा दबका येईल, दार बंद आहे. पण कान देऊन ऐका. मी जे सांगणार आहे ते या गावात चार-पाच जणांना पक्कं ठाऊक आहे, आणि जिला ठाऊक असायला हवं तिला मात्र ते कुणी सांगितलेलं नाही.

मी अंबू बॅग. नावावर जाऊ नका, दिसायला मी साधीच आहे. मुठीत मावेल एवढं सिलिकॉनचं पोट आणि पुढे बाळाच्या नाकातोंडावर बसेल एवढासा मास्क. बाळ जन्मलं आणि रडलं नाही, की मास्क तोंडावर धरायचा आणि माझं पोट हलक्या हातानं दाबायचं. माझ्यातली हवा त्याच्या छातीत जाते. मला वीज लागत नाही, तेलपाणी लागत नाही, शिकलेला हात तेवढा लागतो आणि तो वेळेवर लागतो.

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा एका बाईनं मला दाबून पाहिलं, गालावर हवा घेतली, "चांगली आहे" म्हणाली आणि खोक्यात टाकलं. तिथून पुण्याच्या दुकानात आले. तिथे बरेच दिवस काढल्यावर एक दिवस भरत आला. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला गोड. दुकानदारानं मला त्याच्या हातात दिलं, कसं वापरायचं ते सांगितलं. भरतनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यावर नाव कुठं टाकता येईल, राव?"

हसू नका. जुन्नरच्या या भागात माणूस गेला की वर्षश्राद्धाला त्याच्या नावानं काहीतरी द्यायची रीत आहे. शाळेला बाकडी, देवळाला पंखे, दशक्रियेच्या घाटावर पत्र्याची शेड. आणि दिलेल्या वस्तूवर नाव हे पाहिजेच. आमच्या गावच्या देवळात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव आहे, आणि पंखा फिरला की नाव दिसत नाही म्हणून तो फारसा कुणी फिरवत नाही. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. आळ्याहून निमगाव साव्याकडे जाताना अशी पुष्कळ गावं लागतात, त्यातलंच एक समजा.

भरतचे वडील कुंडलिकदादा वर्षापूर्वी गेले होते. त्यांच्या नावानं आरोग्य केंद्राला नवजात बाळांसाठी वस्तू द्यायच्या, हे भरतच्या आईनं, बयाबाईंनी ठरवलं होतं. त्यालाही कारण होतं. भरतच्या आधीची त्यांची दोन लेकरं उपजताच गेली होती. तेव्हा गावात दवाखाना नव्हता, सुईण होती, आणि सुईणीनं जेवढं करायचं तेवढं केलं होतं. हे मी भरतच्या तोंडून दुकानातच ऐकलं आणि मला त्या घराबद्दल मायाच वाटली. म्हटलं, आपण चांगल्या माणसांच्या हाती पडलो. बाळाला ऊब देणारं मशीन, घशातलं पाणी ओढायचं मशीन आणि मी, असे तिघं टेम्पोत बसून निघालो.

केंद्रात पोचलो तेव्हा वैष्णवी सिस्टरनं खोकं उघडलं. तिशीतली बाई, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. तिनं मला उचललं, दाबलं, गालावर हवा घेतली. "बरं झालं बाई, आलीस," म्हणाली. कपाटाशेजारच्या ट्रेमध्ये माझी जुनी बहीण पडली होती. तिच्या पोटाला चीर गेली होती, दाबलं की निम्मी हवा बाजूनंच निसटायची. सिस्टरनं तिला सरकवून माझ्यासाठी जागा केली.

"सिस्टर, तेवढं र्‍हाऊ द्या," भरत म्हणाला. "वर्षश्राद्धाला कार्यक्रम ठेवलाय. फीत कापायची, पावणं यायचेत, फोटो व्हायचेत. तवर आत असू द्या."

"एवढी एक बाहेर ठेवते. बाकीचं ठेवा आत," सिस्टर म्हणाली.

तेव्हा बयाबाई बोलल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, डोळे मात्र अजून तरतरीत. "दादांच्या नावाचं हाय, पोरी. निवद दावायच्या आदी कुणी ताटाला हात लावतं का? उष्टं व्हतं."

डॉक्टर आदेश बाजूलाच उभे होते. ते केंद्राचे मुख्य. सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हसून मान हलवली आणि म्हणाले, "असू दे गं. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. देणारे आहेत ते." मग आम्हा तिघांना पुन्हा प्लास्टिकमध्ये बांधून या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली भरतनं खिशात घातली. घरी नेऊन बयाबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेवली, कुलदैवताच्या टाकाखाली. हे मला नंतर कळलं.

खरं सांगू, मला त्या वेळी राग आला नाही. मला ताटातल्या पहिल्या घासाचा मान मिळतोय असंच वाटलं.

वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं असताना सकाळी सकाळी जीप केंद्राच्या दारात थांबली. भरतच्या बायकोच्या, स्नेहलच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण स्नेहलचं माहेर कळंबचं, आणि तिथे आता तिची आई नव्हती. बयाबाईंनीच सांगितलं होतं, "आई न्हाई तर काय झालं, मी हाय." आणि खरोखर त्यांनी सुनेला नऊ महिने तळहातावर ठेवलं होतं. मी कपाटाच्या फटीतून पाहत होते. स्नेहल सासूचा हात सोडायला तयार नव्हती.

"मुलगी झाली तर तेजस्विनी ठेवायचं बरं का, आत्या," ती दोन कळांच्या मधे म्हणाली.

"ठेव गं बाई. आदी सुटून तर ये."

सिस्टरनं तपासलं आणि बाहेर जाऊन भरतला गाठलं. दार उघडंच होतं, मला नीट ऐकू आलं. "भाऊ, कपाटाची किल्ली आणून ठेवा."

"कशाला? काय अडचण हाय का?"

"आत्ता नाही. पण पहिलटकरीण आहे. जवळ असलेली बरी."

"आणतो की. लागली तर धा मिंटात आणतो, मळा काय लांब हाय? परवा तर कार्यक्रमच हाय, सिस्टर." मग तो फोनवर बोलू लागला. आळेफाट्याला बॅनर छापायला टाकला होता, त्यावर कुंडलिकदादांचा फेट्यातला फोटो घ्यायचा का टोपीतला, हे ठरत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा बाळ आलं. नाळेचा वेढा मानेभोवती बसला होता. सिस्टरनं तो सोडवला, बाळ पुसलं, पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. मी वाट पाहत होते. अशा वेळी खोलीत एक आवाज यायचा असतो आणि तो आला की सगळ्यांचे खांदे खाली येतात. तो आला नाही.

"किल्ली," सिस्टर म्हणाली.

त्यानंतर त्या खोलीत तो एकच शब्द इकडून तिकडे फिरत होता. सिस्टर म्हणत होती, शिपाई सावळेराम दारातून ओरडत होता, बाहेर भरतची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सिस्टरनं जुनीला उचललं. ती बिचारी आपल्या परीनं फुंकत होती, पण हवा तिच्या चिरेतून निघून जात होती. मग सिस्टरनं तिला टाकलं, बाळाच्या तोंडावर गॉजचा तुकडा ठेवला आणि आपल्याच तोंडानं फुंकर घालू लागली. बाळाचा रंग मला फटीतून दिसत होता. पिकलेल्या जांभळाचा असतो तसा रंग होता.

सावळेरामनं बाहेरून पहार आणली आणि कपाटाच्या दारात घातली. मी म्हटलं, सुटले. पत्रा वाकला, दार करकरलं.

"अरे थांब, तोडू नकोस," डॉक्टर आदेश म्हणाले. "आणतोय तो किल्ली. नवं कपाट आहे, लोकांच्या वस्तू आहेत आत. परवा पाहुण्यांसमोर काय दाखवायचं?"

सावळेरामचा हात थांबला. मी आत होते, हातभर अंतरावर. माझ्या पोटात हवा भरलेली होती आणि ती कुणाच्या कामाची नव्हती.

भरत आला. धापा टाकत आला, किल्लीला हळदीकुंकू लागलं होतं. कुलूप उघडलं, सिस्टरनं मला ओढून काढलं, प्लास्टिक दातानं फाडलं आणि मास्क बाळाच्या तोंडावर बसवला. त्या बोटांनी मला दाबलं आणि मी पहिल्यांदा माझं काम केलं. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. मी आयुष्यात एवढी शहाण्यासारखी वागले नसेन. जांभळा रंग ओठांपासून मागे हटू लागला, आणि मग बाळ रडलं. मांजराच्या पिल्लासारखं, बारीक. पण रडलं.

पडद्यापलीकडून स्नेहल म्हणाली, "रडलं ना?"

"रडली," सिस्टर म्हणाली. "मुलगी आहे."

बयाबाईंनी तिथेच भिंतीला टेकून हात जोडले. भरत रडत होता आणि हसत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सिस्टरच्या हातात होते मी, आणि म्हणाला, "दादांनीच वाचवली बघा." मला तेव्हा काय वाटलं ते आता सांगायची लाज वाटते. मला वाटलं, मी जिंकले.

जन्मलेल्या प्रत्येक बाळाला मांडीत एक इंजेक्शन देतात, रक्त नीट गोठावं म्हणून. तेजस्विनीलाही दिलं. सुई काढली की कापसाचा बोळा धरायचा, जरा वेळानं रक्त थांबतं. हिचं थांबलं नाही. बोळा लाल झाला, दुसरा लाल झाला. मग नाळेच्या टोकाशी बांधलेला दोरा ओला दिसू लागला. पोटावर बारीक बारीक लाल ठिपके उठले. सिस्टरनं डॉक्टरांना हाक मारली, डॉक्टरांनी पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

"सुई टोचली तितनंच रगत वाहतंय," बयाबाई म्हणाल्या. त्या कुणाला दोष देत नव्हत्या, डोळ्यांना दिसलं ते बोलल्या. पण हेच वाक्य पुढे गावभर फिरलं.

ॲम्ब्युलन्समध्ये सिस्टर बाळाला घेऊन बसली. तिचा एक अंगठा मांडीवरच्या बोळ्यावर आणि दुसऱ्या हातात मी. भरत पुढे ड्रायव्हरजवळ. स्नेहलला टाके घालायचे होते, ती मागेच राहिली. निघताना तिनं बाळाच्या पायाचा अंगठा धरला आणि सोडला. लेकीला हात लावायला मिळाला तो एवढाच.

नारायणगाव गेलं, कळंब गेलं, मंचर गेलं. कळंबवरून जाताना भरत मागे वळून म्हणाला, "हिचं आजोळ हितलं." बाळाचा श्वास मंदावला की सिस्टर मला दाबायची. मी तिच्या हाताशी हात मिळवून चालले होते, आणि मला कळत होतं की छातीत हवा जातेय तरी बाळ निसटतंय. हवा पुरेशी मिळूनही काहीतरी बिनसलेलं होतं, आणि ते काय ते मला उमगत नव्हतं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात बाळ आत नेलं. रक्त तपासायला पाठवलं, पिवळसर पाण्यासारखी एक पिशवी लावली. प्लाझ्मा म्हणतात त्याला, माणसांनी दिलेल्या रक्तातला गोठवणारा भाग. भरतनं बाही वर केली आणि म्हणाला, "माझं सगळं घ्या." त्याचं रक्त घेतलंही त्यांनी, दुसऱ्या कुणासाठी तरी. हा माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. वाईट असता तर मला एवढं लागलं नसतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पोक्त, थकलेल्या. सिस्टर बाकड्यावर बसली होती आणि मी तिच्या मांडीवर.

"जन्मल्यावर श्वास कधी दिला?" त्यांनी विचारलं.

सिस्टरनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. कपाट, किल्ली, फाटकी बॅग, तोंडानं घातलेली फुंकर. भरत जमिनीकडे पाहत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "असंच झालं?" तो म्हणाला, "व्हय."

"पण मॅडम," तो म्हणाला, "सुई टोचली आन् तितनंच रगत चालू झालं. त्यानं तर न्हाई ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग त्या त्याच्याशेजारी बसल्या आणि हळू आवाजात समजावून सांगू लागल्या. "जन्मताना प्राणवायू कमी पडला की शरीर आहे तेवढा प्राणवायू मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. लिव्हर मागे राहतं. आणि रक्त गोठायला जे लागतं ते लिव्हरच बनवतं. ते बनायचं थांबतं. दुसरीकडे सगळ्या अंगात बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात, त्यात होतं तेवढंही खर्चून जातं. मग रक्ताला थांबणं जमत नाही. जिथे वाट मिळेल तिथून ते येतं. सुई टोचली नसती तर तुम्हाला ते दिसलं नसतं, एवढंच. ते इंजेक्शन उलट रक्त थांबावं म्हणून असतं."

"मंजे श्वास लवकर मिळाला असता तर..."

"तर बहुतेक यातलं काही झालं नसतं."

भरतनं तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. सिस्टरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी तिच्या मांडीवर पडून ऐकत होते आणि माझी मघाची जीत कुठल्या कुठे गेली होती. मी श्वास दिला होता, पण तो शिळा होता.

तेजस्विनीला दोन दिवस धरून ठेवलं. पिशव्या लागल्या, रक्त लागलं, एकदा जरा बरी आहे असंही म्हणाले. मग डोक्यात रक्तस्राव झाला आणि ती गेली. वर्षश्राद्धाच्याच दिवशी गेली. सुतक लागलं आणि कार्यक्रम राहिला तो राहिलाच.

गावी परतताना भरत सिस्टरला म्हणाला, "सिस्टर, एक इनंती करतो. किल्लीचं गावात बोलू नका. आई देव्हाऱ्यासमोर डोकं आपटून जीव देईल. आन् स्नेहलला तर आजाबात नको. तिला न्हाई सोसायचं."

सिस्टर म्हणाली, "नाही बोलणार." तिला त्याची दया आली होती.

आता ऐका त्या दयेचं काय झालं ते. बाळाला मातीआड करून मंडळी केंद्राच्या पारावर बसली. भरतचा चुलता गोरख तावातावात म्हणाला, "चांगली रडली व्हती पोर. सुई कुणी टोचली? त्या सिस्टरनीच ना? काय टोचलं ते तिलाच म्हाईत." चारजण "हां, हां" म्हणाले. मी ट्रेमध्ये होते, खिडकी उघडी होती. सगळ्यांनी भरतकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. पुण्यात त्याला नीट समजावून सांगितलेलं वाक्य होतं ते. तो काही बोलला नाही. मान खाली घालून बसला, आणि लोकांनी त्या गप्प बसण्याचा सोयीचा अर्थ घेतला.

सिस्टरविरुद्ध वर अर्ज गेला. वैष्णवी सिस्टर बौद्धवस्तीतली, तीही परगावची, तिच्या बाजूनं बोलायला इथे भावकी नव्हती. डॉक्टर आदेशांनी एक शब्द टाकला असता तर चाललं असतं. पण तो शब्द टाकला की पहारेचं निघालं असतं. बयाबाईंनाही ठाऊक होतं, देव्हाऱ्यातून किल्ली कुणी काढली आणि केव्हा काढली ते. पण त्याही गप्प. आणि सिस्टरनं शब्द दिला होता, तिनं तो पाळला. तिची बदली झाली, वर घाटाकडे कुठेतरी. जायच्या दिवशी तिनं मला उकळत्या पाण्यात धुतलं, वाळवलं, पुन्हा जोडलं, गालावर हवा घेतली. "बाहेर ठेवा हिला, सर," एवढंच डॉक्टरांना म्हणाली. ते "हो हो" म्हणाले. मला दगा मोठ्या आवाजात कुणीच दिला नाही. सगळ्यांनी गप्प बसून दिला.

काही महिन्यांनी कार्यक्रम झालाच. पण पाटी पाहून मला कळेना की हे काय चाललंय. कुंडलिकदादांचं नाव खाली बारीक अक्षरात आणि वर मोठ्या अक्षरात 'चि. तेजस्विनी हिच्या स्मरणार्थ'. मंडप, हार, पेढे. मला लाल फीत बांधून टेबलावर ठेवलेलं, एकदा वापरलेली असून नवी कोरी म्हणून. भरतनं माईक घेतला. म्हणाला, आपल्या लेकीवर जी वेळ आली ती दुसऱ्या कुणाच्या लेकरावर येऊ नये, म्हणून तिच्या माघारी या वस्तू घेतल्या.

तिच्या माघारी घेतल्या, असं म्हणाला तो.

टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत बयाबाई होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर आदेश आपल्या बुटांकडे पाहत होते. सावळेराम मंडपातून उठून गेला.

मग स्नेहलला पुढे बोलावलं. दवाखान्याला काहीतरी द्यायचंय एवढंच तिच्या कानावर होतं, काय घेतलं, केव्हा आणलं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वाळली होती ती. तिनं फीत कापली आणि मला हातात घेतलं. नव्या सिस्टरनं कसं दाबायचं ते दाखवलं. तिनं दाबलं, माझी हवा तिच्या हनुवटीला लागली.

"हे त्या दिशी असतं," ती भरतला म्हणाली, "तर वाचली असती का ओ?"

"वाचली असती," भरत म्हणाला. हे तेवढं खरं बोलला.

"त्या दिशी किल्ली किल्ली कोण वरडत व्हतं? माझ्या अजून कानात हाय."

भरत म्हणाला, "ॲम्ब्युलन्सची. ड्रायवर किल्ली इसरला व्हता."

तिनं मान हलवली. मग तिनं मला छातीशी धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, "लई चांगलं केलं तुमी." तिची आसवं माझ्या मास्कमध्ये पडली. मला तोंड आहे ते फक्त श्वास द्यायला आहे, बोलायला नाही. त्या दिवशी याचं मला जेवढं दुःख झालं तेवढं कपाटात बंद असतानाही झालं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मला परत इथे ठेवलं आणि कुलूप लावलं. वस्तू महागाच्या आहेत, चोरीला जातील, असं डॉक्टर आदेश म्हणाले. किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात असते, खणाची किल्ली त्यांच्या खिशात, आणि ते राहतात नारायणगावला. दुपारी जेवायला गेले की बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच येतात. नव्या सिस्टरनं एकदा विचारून पाहिलं. "लागली तर उघडू की," असं उत्तर मिळालं. तिला मागचं काही ठाऊक नाही. कोण सांगणार? ज्यांनी सांगायचं त्यांनी ठरवूनच टाकलंय की मागे काही घडलंच नाही, सुईचं तेवढं घडलं.

परवा स्नेहल आली होती. तिला पुन्हा दिवस गेलेत. वजन केलं, रक्त घेतलं, आणि मग ती या कपाटासमोर येऊन उभी राहिली. बाहेरून दारावर तळहात ठेवला. फटीतून मला तिची बांगडी दिसत होती.

नवी सिस्टर म्हणाली, "या वेळी पुण्याला नाव घाला की, ताई. मोठा दवाखाना बरा."

"नगं," स्नेहल म्हणाली. "हे मणतात पुण्याला जाऊ. पर मी हितंच येनार. आता हे हाय ना हितं. माझ्या लेकीच्या नावाचं हाय."

आणि शांतपणे पिशवी उचलून गेली.

म्हणून मी आज तुमच्याशी बोलले. मला हार नको, पाटी नको, माझं नाव कुणाच्या नावाला जोडायला नको. ज्यांना माझी बाजू मांडता आली असती त्यांच्यापैकी एकीला घाटात पाठवलं आणि बाकीचे तोंड शिवून बसलेत. तुम्ही या वाटेनं आलात, तर मळ्यातलं भरतचं घर कुणीही दाखवेल. तो दारात असेल तर त्याच्याशी बोलत बसू नका, तो चहा पाजेल आणि तुम्हाला तो आवडेलही. सरळ आत जा. स्नेहलला म्हणावं, कळा सुरू व्हायच्या आधी दवाखान्यात ये आणि कपाट उघडून घेतल्याशिवाय खाटेवर झोपू नकोस. ती विचारेल, का. तेव्हा तिला सांगा, की मी त्या दिवशीही इथेच होते.